तुटलेला बोल्ट काढताना एक्स्ट्रॅक्टरचा नंबर शेवटचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरीच गाडीचा थर्मोस्टॅट (इंजिनातल्या कूलंटचा प्रवाह तापमानानुसार सोडणारी झडप) बदलायला घेतला. त्याच्या हाउसिंगच्या, म्हणजे वरच्या कवचाच्या, तीन बोल्टांपैकी दोन नीट निघाले, तिसरा थोडासा फिरला, मग एकदम मऊ लागला आणि तुटला. हाउसिंग काढल्यावर इंजिनाच्या सिलिंडर हेडच्या पृष्ठभागावर त्याचा ३-४ मिमी तुकडा बाहेर दिसतोय. बोल्ट एम ८ (८ मिमी व्यासाचा), हेड ॲल्युमिनियमचं. आता कोणत्या मापाचा एक्स्ट्रॅक्टर (तुटक्या बोल्टात भोक पाडून आत घालायचं आणि पिळून तो बाहेर काढायचं हत्यार) घ्यावा?

इतक्यात कोणताच घेऊ नका. ड्रिलही हातात घेऊ नका. बाहेर राहिलेले ते ३-४ मिमी हीच तुमची सगळी पुंजी आहे. तो तुकडा शाबूत आहे तोवर काम अवघड असलं तरी आवाक्यातलं आहे. घाईत तो कापला, झिजवला किंवा पुन्हा मोडला, की तेच काम दुप्पट-तिप्पट किचकट होतं. बहुतेक हेड्स नुसता बोल्ट तुटल्यामुळे खराब होत नाहीत. बोल्ट तुटल्यावर पहिल्या तासाभरात जे केलं जातं त्याने खराब होतात.

एक्स्ट्रॅक्टरला माझा इतका विरोध का, ते हिशोबाने सांगतो. एम ८ बोल्टचा आट्यांच्या मुळाशी व्यास साधारण ६.५ मिमी असतो. त्यात भोक पाडून जो एक्स्ट्रॅक्टर घालायचा, तो ४ मिमीच्या आसपासचा. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनावर अवलंबून असते. म्हणजे एकाच पोलादाचे दोन दांडे घेतले, तर ४ मिमीचा दांडा ६.५ मिमीच्या दांड्याच्या जेमतेम पाव ताकदीचा. एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद बोल्टपेक्षा कडक असतं हे खरं, पण कडक म्हणजेच ठिसूळ. बोल्ट तुटण्याआधी मऊ पडून हाताला इशारा देतो, एक्स्ट्रॅक्टर कसलीही सूचना न देता कडकन मोडतो. शिवाय नेहमी मिळणारा डावा पीळ असलेला निमुळता एक्स्ट्रॅक्टर पाचरीसारखा आत घुसतो आणि पोकळ झालेल्या तुकड्याला बाहेरच्या बाजूला फुगवतो, म्हणजे आटे आणखी घट्ट आवळले जातात. पूर्ण जाडीचा बोल्ट जिथे फिरला नाही, तिथे पाव ताकदीचं हत्यार त्याला फिरवेल ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि तो आत मोडला, तर भोकात बसलेलं ते कडक पोलाद साध्या ड्रिल बिटला दाद देत नाही.

म्हणून आधी बोल्ट का तुटला ते बघा. तुटण्याचे दोन प्रकार असतात आणि दोघांचा इलाज वेगळा. एक, बोल्ट आवळताना तुटतो. तेव्हा आटे स्वच्छ असतात, फक्त ताण जास्त झालेला असतो. डोकं उडालं की ताण संपतो आणि उरलेला तुकडा बहुतेक वेळा मोकळा असतो. टोकदार सुई किंवा पंच कडेला लावून हलकेच डावीकडे ढकलला तरी तो फिरतो. दुसरा प्रकार तुमचा: सोडवताना तुटलेला. इथे कुठेतरी गंजाने पकडलंय. पण ‘कुठेतरी’ म्हणजे नेमकं कुठे, हे शोधणं महत्त्वाचं आहे, आणि ते फारसं कुणी शोधत नाही.

थर्मोस्टॅट हाउसिंग, वॉटर पंप अशा कूलंटच्या जवळच्या जागी पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या दोन भागांतून जातो. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून, त्यात ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे फटीत ठासून बसते. पुष्कळदा ती हेडच्या आट्यांत नसतेच, हाउसिंगच्या भोकात बोल्टच्या दांड्याभोवती असते. आता आठवून बघा: बोल्ट तुटल्यावर हाउसिंग सहज हातात आलं, की हलवून, ठोकून, ओढून काढावं लागलं? ओढून काढावं लागलं असेल आणि उरलेल्या तुकड्यावर वरच्या बाजूला पांढरा थर दिसत असेल, तर पकड हाउसिंगमध्ये होती आणि ती आता सुटलेली आहे. खालचे आटे ठीक असण्याची शक्यता चांगली. हाउसिंग सहज आलं असेल, तर पकड आट्यांत आहे असं धरून चाला. तुटलेला भागही निरखा. चेहरा सगळीकडे ताजा, चकचकीत आणि पीळ पडलेला असेल तर बोल्ट आजच तुटला. त्यात एका कडेला काळपट, गंजलेला भाग असेल तर तडा जुना होता, म्हणजे बोल्ट तुमच्या जोराने नाही, आपल्या अशक्तपणाने गेला. अशा वेळी आटे फार घट्ट नसतातही.

कामाला लागण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची ऋण तार सुटी, आणि डोळ्यांवर गॉगल. कूलंट काढलेलं असेलच. त्याचं भांडं उघडं ठेवू नका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, घरातलं मूल किंवा जनावर त्यात तोंड घालू शकतं. थर्मोस्टॅटच्या मोठ्या भोकात स्वच्छ फडकं कोंबा, त्याचं एक टोक बाहेर लोंबू द्या म्हणजे ते आत विसरलं जाणार नाही. पुढे जो काही कीस, चुरा पडेल तो पाण्याच्या वाटेत जायला नको.

आता तेल. तारेच्या ब्रशने तुकडा आणि त्याच्या बुडाशी जमलेली भुकटी साफ करा. बुडाशी टोकदार सुई फिरवून पांढरा थर खरवडा, नाहीतर तेल वरच अडतं. मग झिरपणारं तेल, म्हणजे गंज सोडवण्यासाठीच बनवलेलं पेनेट्रेटिंग ऑइल, थेंबभर बुडाशी सोडा. डब्ल्यूडी-४० चा साधा डबा घरोघरी असतो, पण ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं मिश्रण आहे. काहीच नसेल तर ते वापरा, मात्र खास पेनेट्रेटिंग ऑइल मिळत असेल तर तेच घ्या. तेल लावलं आणि लगेच पाना लावला, असं केलं तर तेल न लावल्यासारखंच. निदान रात्रभर ठेवा, मधूनमधून पुन्हा सोडा, आणि प्रत्येक वेळी छोट्या हातोडीने तुकड्याच्या टोकावर सरळ, हलके, भरपूर ठोके द्या. जोर नको, संख्या हवी. त्या कंपनाने भुकटीला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. टोक फुलेल इतकं मारू नका. मला विचाराल तर अख्ख्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे: एक रात्र थांबणं. गाडी दुसऱ्या दिवशी लागणार असेल तर दुसरी सोय बघा, पण ही रात्र वाचवू नका.

त्यानंतर उष्णता. तुमच्या बाबतीत ती विशेष कामाची आहे, कारण ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. एक मीटर लांबीमागे एका अंशाला ॲल्युमिनियम साधारण २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद १२. हेडचा तो भाग १३० अंशांनी तापवला तर ८ मिमीचं भोक बोल्टपेक्षा सुमारे एक शतांश मिलिमीटर जास्त उघडतं. ऐकायला काहीच नाही, पण भुकटीची पकड तुटायला तेवढं पुरतं. म्हणून आच बोल्टवर नको, बोल्टभोवतीच्या ॲल्युमिनियमवर द्या. हीट गन सगळ्यात सुरक्षित. गॅसचा छोटा टॉर्च चालेल, पण तो सतत फिरता ठेवा. पाण्याचा थेंब टाकला की तडतडून उडून जातो, इतकं तापलं की पुरे. ॲल्युमिनियमच्या बाबतीत एक धोका कायम लक्षात ठेवा: ते वितळण्याआधी लाल होत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडू लागतात. डोळ्याने काही कळत नाही आणि कडा अचानक खाली बसते.

टॉर्च पेटवण्याआधी लावलेलं तेल नीट पुसून काढा, जवळचे रबरी पाइप आणि तारा ओल्या फडक्याने झाका, इंधनाची कुठे गळती नाही हे बघा, आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवा. ब्रेक क्लीनरने जागा धुतली असेल तर डब्यावर त्यात काय आहे ते वाचा. क्लोरीनयुक्त द्रावण असलेला ब्रेक क्लीनर ज्योतीच्या किंवा वेल्डिंगच्या तापात आला की फॉस्जीन नावाचा जीवघेणा वायू तयार होतो. हा बागुलबुवा नाही. अशा क्लीनरने धुतलेल्या जागेवर आच किंवा वेल्डिंग करूच नका.

भाग तापलेला असतानाच साध्या मेणबत्तीचं टोक बोल्टच्या बुडाशी टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. तेलापेक्षा हा उपाय मला जास्त आवडतो, कारण गरम जागी तेल जळतं, धूर होतो, मेण मात्र शांतपणे आत जातं.

आता फिरवायची वेळ. बाहेर ३-४ मिमी आहे म्हणजे ग्रिप प्लायर लावता येईल, पण त्याचे दाते गोल दांड्यावर घसरले की तुकडा सोलवटतो आणि पुढच्या प्रयत्नाला धरायला काही उरत नाही. त्याऐवजी बारीक कानस घ्या आणि तुकड्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करा, अंतर बरोबर ६ मिमी येईपर्यंत. त्यावर ६ मिमीचा पाना चपखल बसला पाहिजे, जरासुद्धा खेळ नको. दहा-पंधरा मिनिटं जातात, पण पकड ग्रिप प्लायरपेक्षा कितीतरी भरवशाची मिळते. काही जण टोकावर हॅकसॉने खाच पाडून स्क्रू ड्रायव्हर लावतात. मोकळ्या तुकड्याला ते चालतं. जाम झालेल्या बोल्टला नाही, कारण खाचेचे दोन्ही कान मोडतात आणि सपाट बाजूंचीही जागा जाते.

पहिला प्रयत्न सोडवण्याच्या दिशेने करू नका. आधी केसभर आवळायच्या दिशेने. हालचाल जाणवली की मग सोडवायच्या दिशेने, तितकीच. मग पुन्हा आवळा. पाव आटा सुटला तरी थांबा, परत आत फिरवा, मेण किंवा तेल द्या, पुन्हा बाहेर. सुटलेली भुकटी आट्यांत पुढे ढकलली गेली की तीच पाचर होते आणि फिरत असलेला बोल्ट अर्ध्या वाटेत पुन्हा जाम होतो. मागे-पुढे करत राहिलात की ती दळली जाते. हाताकडे लक्ष द्या. बोल्ट सुटतो तेव्हा एक कोरडी किंचाळी येते किंवा ‘टक्’ असा झटका बसतो, आणि मग प्रतिकार एकसारखा लागतो. पाना फिरतोय पण प्रतिकार वाढत नाही, मऊ लागतोय, असं वाटलं तर बोल्ट सुटत नाहीये, त्याला पीळ पडतोय. तिथेच थांबा. पुन्हा तापवा, थंड होऊ द्या, मेण द्या. तापवणं आणि थंड होणं हे चक्र दोन-चार वेळा झालं की हट्टी बोल्टही ऐकतात.

एवढ्यानेही नाही हललं तर माझी पुढची निवड ड्रिल नाही, वेल्डिंग. घरी एमआयजी वेल्डर (पोलादी तार वितळवून जोडणारं यंत्र) नसेल तर तो घेऊन येणारा माणूस शोधा. तुकड्यावर आधी एक वॉशर ठेवून तो तुकड्याला वेल्ड करायचा, मग त्यावर एक माप मोठा, एम १० चा नट ठेवून आतून भरत वर यायचं. वॉशरमुळे ॲल्युमिनियमला आडोसा मिळतो, आणि पोलादी तार ॲल्युमिनियमला धरत नाही, म्हणून बोल्ट सोडून दुसरीकडे चिकटण्याची भीती कमी. वेल्डिंगचा खरा फायदा नवीन डोकं मिळतं हा नाहीच. खुद्द बोल्ट आतपर्यंत लाल होतो, फुगतो, आट्यांत दाबला जातो, आणि थंड होताना आकसून भुकटीपासून वेगळा होतो. त्यामुळे वेल्ड केल्याबरोबर फिरवू नका. लाली पूर्ण जाऊ द्या, मिनिट-दोन मिनिटं आणखी थांबा, मेण लावा, मग तेच मागे-पुढे. वेल्ड तुटला तर दुसरा नट लावा. प्रत्येक नटागणिक बोल्टला आणखी एक शेक मिळत असतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या नटाला सुटलेले बोल्ट खूप पाहिले आहेत. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सुटी हवी, अर्थिंगचा चिमटा इंजिनावरच, जागेच्या शक्य तितका जवळ हवा, आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये संगणकाचा प्लग काढायला सांगितला असेल तर तोही काढा.

पृष्ठभागाच्या पातळीत किंवा खाली तुटलेल्या बोल्टवरही असा नट बसतो, फक्त वेल्डरचा हात चांगला हवा.

ड्रिल करायचीच वेळ आली तर सगळं यश एका गोष्टीवर अवलंबून आहे: भोक बरोबर मध्यावर आणि सरळ. बोल्ट कडक, भोवतालचं ॲल्युमिनियम मऊ. बिट जरा बाजूला गेला की तो मऊ बाजू धरतो आणि आट्यांची भिंत फाडत खाली जातो. हातातल्या ड्रिलने नुसत्या नजरेवर मध्य साधणं फार कठीण आहे. तुमच्याकडे मात्र यासाठी तयार साचा आहे: ते हाउसिंगच. आधी तुकडा कानसेने हेडच्या पातळीला सपाट करा, हाउसिंग जागेवर ठेवून उरलेल्या दोन बोल्टांनी बसवा. तिसऱ्या भोकात बरोबर बसेल अशी पोलादी बुश (छोटी जाड नळी) लेथवर करून घ्या, तिच्या मध्यातून ३ मिमीचं भोक. आता बिट त्या बुशमधून खाली सोडला की तो मध्यावर आणि काटकोनातच जातो. टर्नरचं हे अगदी छोटं काम आहे आणि त्यावर सगळं हेड वाचतं. बुश करून घेणं शक्य नसेल तर सपाट केलेल्या तोंडावर मध्य काढून सेंटर पंचाची हलकी खूण करा, भिंगातून बघा, बाजूला गेली असेल तर पंच तिरका धरून सरकवा, आणि मगच खोल पंच मारा.

बिट चांगले घ्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ताणताकद ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो कायमचा न ताणला जाता तग धरतो. १०.९ म्हणजे १००० आणि ९० टक्के. अशा पोलादात पाच टक्के कोबाल्ट असलेले बिट नीट चालतात. वेग कमी, दाब स्थिर, कटिंग ऑइल सतत. किसाची सलग कुरळी निघत असेल तर ठीक चाललंय. नुसती भुकटी आणि किंचाळी येत असेल तर बिट कापत नाही, घासतोय, आणि घासण्याने तळ आणखी कडक होतो. दर २-३ मिमीनंतर बिट बाहेर काढून कीस साफ करा. किती खोल जायचं ते आधीच मोजा: बाहेर निघालेला तुकडा शेजारच्या पूर्ण बोल्टशेजारी धरा, उरलेली लांबी कळेल. तेवढ्या अंतरावर बिटला चिकटपट्टी गुंडाळा. भोक तळाशी बंद असेल तर पलीकडे पाण्याची वाट असू शकते.

शक्य असेल तर डाव्या पिळाचे ड्रिल बिट मिळवा आणि ड्रिल उलट दिशेने चालवा. हे बिट कापतानाच बोल्टला सोडवण्याच्या दिशेने ओढतात. मधला भाग निघून ताण कमी झाला, बिटच्या उष्णतेने बोल्ट तापला, आणि कधी तरी बिट अडकला की तुकडाच फिरून बाहेर येतो. माझ्या हाती एकच जास्तीचं हत्यार घ्यायची मुभा असती, तर एक्स्ट्रॅक्टरचा संच सोडून मी हे बिट घेतले असते. ३ नंतर ४, मग ५ मिमी, असं टप्प्याटप्प्याने वाढवा.

आता, भोक मध्यावर आहे, तेल-उष्णता सगळं झालंय, आणि तुकडा थोडा तरी सैल झाल्याची चिन्हं आहेत, अशा वेळी एक्स्ट्रॅक्टर लावायला माझी हरकत नाही. निमुळत्या पिळाचा नको, सरळ धारांचा, सगळीकडे सारख्या जाडीचा घ्या. तो तुकड्याला कमी फुगवतो. शक्य तितका जाड निवडा, पण बोल्टची भिंत कागदासारखी पातळ होईल इतका नको. तो टी-हँडलमध्ये पकडून दोन्ही हातांनी सारखा जोर द्या. एका बाजूने लांब पाना लावला की आडवा ताण येतो आणि तो मोडतो. एक्स्ट्रॅक्टर स्प्रिंगसारखा पिळवटून परत येतोय असं वाटलं की त्याच क्षणी सोडून द्या, पुन्हा गरम करा. इम्पॅक्ट गन त्याला कधीही लावू नका.

त्यानेही झालं नाही तर भोक वाढवत आट्यांच्या मापाला न्यायचं. एम ८ चा नेहमीचा पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ मिमी. त्यासाठी टॅपचं (भोकात आटे पाडणाऱ्या हत्याराचं) ड्रिल ६.८ मिमी. एम ६ ला ५ मिमी आणि एम १० च्या १.५ पिचला ८.५ मिमी. भोक मध्यावर असेल तर ६.८ ला पोचल्यावर बोल्टची फक्त आट्यांची कुरळी शिल्लक राहते. टोकदार आकड्याने तिचं वरचं टोक आत मुडपून नाकचिमट्याने ओढलं की ती तारेसारखी उलगडत येते, आणि हेडचे मूळ आटे जसेच्या तसे सापडतात. हे साधलं की फार समाधान होतं. भोक अर्धा मिमी जरी बाजूला असेल तर मात्र ६.८ पर्यंत जाऊ नका, एका बाजूचे आटे खाल्ले जातील.

एक्स्ट्रॅक्टर किंवा टॅप आत मोडलाच, तर साध्या एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिटने त्यावर झगडू नका, बिट बाजूला सरकून ॲल्युमिनियम खातो. कार्बाइड बिट त्याला कापतो, पण त्याला स्थिर मशीन लागतं, हातात तो स्वतःच तुटतो. मशीन शॉपमध्ये ठिणग्यांनी धातू खाणारं ईडीएम यंत्र असतं, ते मोडलेलं पोलाद आट्यांना न दुखावता काढतं. भाग छोटा, सुटा आणि पूर्ण ॲल्युमिनियमचा असेल, उदाहरणार्थ एखादं हाउसिंग, तर तुरटीचाही उपयोग होतो: तुरटीच्या दाट, गरम द्रावणात तो बुडवून ठेवला की अडकलेलं पोलाद हळूहळू विरघळतं आणि ॲल्युमिनियम बहुतांशी शाबूत राहतं. याला वेळ लागतो, द्रावण बदलत राहावं लागतं, आणि त्या भागात पोलादाची दुसरी कोणतीही बुश किंवा पिन असता कामा नये. गाडीवर बसलेल्या हेडला हा उपाय नाही.

बोल्ट निघाला की आटे तपासा. साफ करायला आटे पुसणारा चेसर वापरा. टॅप वापरलात तर तो हाताने, आपोआप बसेल तसा फिरवा, नवे आटे कापू देऊ नका. आटे गेलेले असतील तर घाबरू नका, तारेच्या कुरळीचा इन्सर्ट बसवता येतो. एम ८ साठी भोक ८.३ मिमी करतात, इन्सर्टच्या किटमधल्या खास टॅपने आटे पाडतात (साधा टॅप चालत नाही), आणि इन्सर्ट पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली जाईपर्यंत फिरवून त्याचं शेपूट तोडून बाहेर काढतात. ॲल्युमिनियममध्ये टॅप मारताना रॉकेल हे उत्तम वंगण आहे. इन्सर्टची लांबी बोल्टच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे १२ मिमी मिळत असेल आणि भोकाची खोली परवानगी देत असेल तर ती घ्या. चांगला बसलेला इन्सर्ट मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असतो, त्यामुळे हे काही जुगाडू काम नाही.

एक सीमा आखून देतो. थर्मोस्टॅट हाउसिंगचा बोल्ट हे घरी करण्यासारखं काम आहे. ब्रेक कॅलिपर, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि सीटबेल्टचे बोल्ट मोडले तर काढून देणारा आणि नंतर त्याची जबाबदारी घेणारा माणूस हवा. स्पार्क प्लग किंवा डिझेलचा ग्लो प्लग हेडमध्ये मोडला तरी तेच, कारण तिथला कीस सरळ सिलिंडरमध्ये पडतो.

नवीन बोल्ट मूळ लांबीचा आणि मूळ ग्रेडचा घ्या. ‘आता मजबूत घालू’ म्हणून १२.९ घालण्यात काही अर्थ नाही, मग बोल्टऐवजी ॲल्युमिनियमचे आटे जातील. भोकातला कीस, तेल आणि कूलंट पूर्ण काढा. फुंकताना गॉगल असू द्या. बंद भोकात द्रव राहिला आणि वरून बोल्ट आवळला तर द्रव दाबला जात नाही, ओतीव भागाला तडा जातो. भोक पाण्याच्या वाटेत उघडत असेल तर आट्यांना सीलंट, नसेल तर अँटी-सीझचा (बोल्ट पुन्हा जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ थर. अँटी-सीझने घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला (आवळण्याच्या पिळाला) बोल्टवर जास्त ताण येतो, म्हणून मॅन्युअलमध्ये कोरड्या आट्यांचा आकडा दिला असेल तर तो थोडा कमी धरा. सर्वसाधारण अंदाज म्हणून कोरड्या ८.८ ग्रेडच्या एम ८ ला २५ न्यूटन-मीटर, एम ६ ला १० असा धरतात. हाउसिंगला बहुधा यापेक्षा कमी दिलेला असतो, म्हणून गाडीच्या मॅन्युअलचाच आकडा पाळा.

बाकीचे दोन बोल्टही बदला, त्यांनीही तितकंच कूलंट सोसलंय. हाउसिंगच्या भोकातली पांढरी भुकटी गोल कानसेने काढा, बोल्ट त्यातून बोटाने सहज सरकला पाहिजे. दोन्ही तोंडं स्वच्छ करा, नवीन गॅस्केट घाला, कोंबलेलं फडकं काढा. तिन्ही बोल्ट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग आळीपाळीने दोन-तीन फेऱ्यांत टॉर्कला आणा. कूलंट भरून हवा काढा, पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मग जोडावर बोट फिरवून ओल लागते का बघा. हाउसिंगची गळती पुष्कळदा गरम असताना दिसत नाही, थंड होताना दिसते.